पॅनल जळतं, तरी एमसीबी ट्रिप का होत नाही?

कारखान्याला आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कारण बहुधा ठरलेलं असतं: शॉर्टसर्किट. खरा शॉर्टसर्किट म्हणजे दोन फेज, किंवा फेज आणि अर्थ, एकमेकांना थेट भिडणं. त्यात हजारो अँपिअर धावतात, आवाज होतो, जास्त प्रवाहाला आपोआप पडणारा ब्रेकर (लहान तो एमसीबी, मोठा तो एमसीसीबी) किंवा फ्यूज सेकंदाच्या एका अंशात उडतो. विजेच्या पॅनलमधली आग बऱ्याचदा अशी येत नाही. ती आठवडे-महिने आतल्या आत शिजत असते आणि त्या सगळ्या काळात प्रवाह रोजच्याइतकाच असतो. शॉर्टसर्किट होतो तो शेवटी, इन्सुलेशन जळून तारा उघड्या पडल्यावर. बातमीत ज्याला कारण म्हटलंय तो पुष्कळदा परिणाम असतो.

ही आग शिजते कुठे? जोडावर. केबलचा लग (तिच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा डोळा) बसबारला, म्हणजे पॅनलमधल्या वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्टीला, जिथे बोल्टने कसलाय तिथे, कॉन्टॅक्टरच्या (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या) टर्मिनलवर, फ्यूजच्या क्लिपमध्ये, न्यूट्रल लिंकवर.

हिशेब सोपा आहे. उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. १२० अँपिअरचा लोड चालू आहे आणि जोड चांगला आहे, म्हणजे त्याचा रोध ५० मायक्रोओहमच्या आसपास आहे, असं धरू. तिथे तयार होणारी उष्णता पाऊण वॅटही भरत नाही. आता तोच जोड सैल झाला, गंजला आणि रोध ५ मिलिओहमवर गेला. १२० चा वर्ग १४,४००, त्याला ०.००५ ने गुणलं की ७२ वॅट. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते. तशा जवळपास तीन इस्त्र्या अंगठ्याएवढ्या जागेत, बंद डब्यात, तीन पाळ्या चालू आहेत असं समजा.

आणि एवढं होऊनही त्या जोडावर व्होल्टेज पडतं फक्त ०.६ व्होल्ट. ४१५ मधून ०.६ गेले तर ना मीटरला कळतं, ना मोटरला. प्रवाह वाढलेला नाही, त्यामुळे एमसीबीलाही कळत नाही. एमसीबी प्रवाह मोजतो, लांबच्या जोडाचं तापमान नाही. आरसीसीबीलाही (जमिनीकडची गळती पकडणाऱ्या ब्रेकरलाही) हे दिसत नाही, कारण जमिनीकडे काही गळत नाहीये. कितीही महागडा ब्रेकर बसवा, सैल बोल्टवर त्याचा इलाज नाही.

पुढचा प्रवास ठरलेला. जोड तापतो, तापला की तांब्या-ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर वाढतो, थर वाढला की रोध वाढतो, आणि तो आणखी तापतो. शेजारचं पीव्हीसी आधी कडक होतं, मग तपकिरी, मग काळं. जळताना पीव्हीसी हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं, ती बाकीच्या जोडांवर बसून त्यांनाही गंजवते. पॅनल उघडल्यावर डोळ्यांत आणि नाकात झोंबणारा जळकट वास आला, तर आतला एखादा जोड या वाटेला लागलाय असं समजायला हरकत नाही.

जोड सैल का होतो

मिस्त्रीने नीट आवळला नव्हता, हे एक कारण. पण नीट आवळलेला जोडही सैल होतो. आपल्याकडे पॉवर केबल बहुतेक ॲल्युमिनियमच्या असतात. तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त प्रसरण पावतं. दिवसा लोड आला की ते फुगतं, बोल्टखाली दाबलं जातं आणि थोडंसं बाजूला सरकतं. रात्री थंड झालं की मूळ जागी पूर्ण परतत नाही. असे शे-दोनशे दिवस गेले की तोच बोल्ट हाताला सैल लागतो. कंप्रेसर, क्रशर, पॉवर प्रेस यांच्या शेजारच्या पॅनलमध्ये कंपनांची भर पडते ती वेगळी.

दुसरी चूक म्हणजे ॲल्युमिनियमचा लग तांब्याच्या बसबारवर सरळ कसणं. दोन वेगळे धातू, त्यात पावसाळ्याची ओल, म्हणजे छोटी बॅटरीच तयार झाली. त्यात ॲल्युमिनियम झिजतं. अशा ठिकाणी बायमेटॅलिक लग हवा, म्हणजे एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला तांबं असलेला. केबलचं टोक सोलल्यावर तारेच्या ब्रशने घासायचं आणि लगेच, हवेने पुन्हा ऑक्साइड धरण्याआधी, जॉइंटिंग कंपाउंड लावून लगमध्ये घालायचं. क्रिम्पिंग, म्हणजे लग दाबून बसवणं, त्या मापाच्या डायनेच. ७० चौरस मिलिमीटरच्या केबलला ९५ चा लग घालून हातोडीने चपटा केलेला जोड बाहेरून ठीक दिसतो, आत अर्ध्या तारा मोकळ्या असतात. लगमध्ये बसत नाहीत म्हणून दोन-चार तारा कापून टाकणं हा त्याच दुखण्याचा दुसरा प्रकार.

बोल्ट टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) कसायचा. ब्रेकरच्या टर्मिनलला किती न्यूटन-मीटर लागतात ते त्याच्या अंगावर किंवा सोबतच्या कागदावर छापलेलं असतं. ‘हाताला घट्ट लागेपर्यंत’ हे माप नव्हे, प्रत्येकाचा हात वेगळा. जास्त जोर लावला तर ॲल्युमिनियम चेपून बाजूला पळतं आणि जोड आणखी लवकर सैल होतो. बोल्टखाली साध्या वॉशरसोबत वाटीसारखा डिस्क स्प्रिंग वॉशर घातला तर धातू आकुंचला तरी दाब टिकतो. कसून झाल्यावर बोल्टचं डोकं आणि पट्टी यांवर मिळून रंगाची एक सरळ रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय, आणि हे लांबूनही दिसतं. रेघ जागेवर असताना दर महिन्याला पाना घेऊन सगळे बोल्ट ‘थोडे थोडे’ आवळत बसू नये. त्याने फायद्यापेक्षा नुकसानच जास्त होतं.

नवतपा आणि केबलचा हिशेब

केबलवर किंवा कॅटलॉगमध्ये लिहिलेली अँपिअर क्षमता एका ठरावीक तापमानाला असते. आपल्याकडच्या कॅटलॉगमध्ये हवेतल्या केबलसाठी ते ४० अंश धरतात. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता, आणि तो सावलीतला आकडा. हिंगणा किंवा बुटीबोरी या नागपूरजवळच्या औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्ये पत्र्याखालून गेलेल्या केबल ट्रेजवळ नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ५० ते ५५ अंश सहज असतात.

पीव्हीसी केबलच्या आतली तार ७० अंशांच्या वर जाऊ द्यायची नसते. भोवतीची हवा ४० असेल तर तापायला ३० अंशांची मोकळीक, ५० असेल तर २० ची. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून क्षमता २०/३० च्या वर्गमुळाइतकी उरते, म्हणजे ०.८२. ५५ अंशांना ती ०.७१ होते. साडेतीन कोर (तीन फेज आणि अर्धा न्यूट्रल), ७० चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची पीव्हीसी केबल हवेत सुमारे १३० अँपिअरची. ५० अंशांना ती १०६ ची झाली. त्याच ट्रेवर पाच-सहा केबल अंगाला अंग लावून टाकल्या असतील तर आणखी साधारण पाव क्षमता जाते. उरले ८०. कागदावर १३० ची केबल मे महिन्यात ८० ची आहे, आणि तिच्यावर बारा महिने १२५ चा ब्रेकर. एक्सएलपीई या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या केबलची तार ९० अंश सोसते, त्यामुळे ५० अंशांना तिची क्षमता ०.८९ पट राहते. नवीन काम करताना जास्तीचे पैसे इथे घालावेत.

आता एमसीबीकडे या. ६३ अँपिअरचा एमसीबी ३० अंशांना ७१ अँपिअरवर तासभर पडत नाही आणि ९१ वर तासाच्या आत पडायलाच हवा, असं त्याचं मानक सांगतं. पण त्यातली बायमेटल पट्टी, जी तापून वाकली की एमसीबी पडतो, आधीच तापलेली असेल तर तो लवकर पडतो. बंद पॅनलच्या आत बाहेरपेक्षा १०–१५ अंश जास्त असतात, आणि एमसीबी एकमेकांना चिकटून ओळीत बसलेले असतात. मग मे महिन्यात ६३ चा एमसीबी ५५ अँपिअरवरच पडायला लागतो, उत्पादन थांबतं, सुपरवायझर ओरडतो आणि वायरमन तिथे ८० चा टाकतो. लाइन चालू, सगळे खूश. पण केबल तीच राहिली. ऑक्टोबरात हवा गार झाल्यावर तो ८० चा काढून कोणी परत ६३ चा लावत नाही. पुढच्या वर्षी त्याच फीडरवर आणखी एक मशीन येतं. पुष्कळ जळालेल्या केबलींची जन्मकथा हीच आहे. उन्हाळ्यात एमसीबी पडत असेल तर आधी टोंग टेस्टरने (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाने) तिन्ही फेज मोजा. प्रवाह खरोखर कमी असेल तर टर्मिनल तपासा, कारण एमसीबीच्याच टर्मिनलवरचा सैल जोडही बायमेटलला तापवतो. मग एमसीबींमध्ये मोकळी जागा सोडा, हवा खेळती करा. रेटिंग वाढवायचंच असेल तर केबलही त्या मापाची हवी.

हवा खेळती करा म्हणजे पॅनलचं दार उघडून समोर पेडेस्टल फॅन लावा असं नव्हे. हे दृश्य उन्हाळ्यात जागोजागी दिसतं. त्याने दोन अंश कमी होतात आणि महिन्याभराची धूळ, कापसाचं लिंट, भुसा सगळं बसबारवर जाऊन बसतं. त्याहून वाईट म्हणजे पॅनल रूममध्ये डेझर्ट कूलर. नागपूरकराला कूलरशिवाय चैन पडत नाही हे मान्य, पण पॅनलला ओलसर हवा मानवत नाही. धूळ आणि ओल मिळून इन्सुलेटरवर वीज वाहून नेणारी पायवाट तयार होते. पॅनल रूममध्ये गाळणी लावलेला फॅन हवा आत ढकलणारा असावा, म्हणजे खोलीत किंचित दाब राहतो आणि फटींतून धूळ आत येत नाही. व्हीएफडींची (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) संख्या जास्त असेल तर सरळ एसी. त्याच्या थंड हवेचा झोत मात्र पॅनलवर थेट नको, पावसाळ्यात दार उघडताच पत्र्यावर दव धरतं.

लिंट, मृगाचा पाऊस आणि पाल

विदर्भात जिनिंग-प्रेसिंग, राइस मिल, दाल मिल यांची संख्या मोठी. इथली धूळ नुसती घाण नसते, ती इंधन असते. कापसाचं लिंट मोटरच्या पंख्याच्या जाळीत अडकलं की मोटरची हवा बंद, आणि मोटरच्या तापलेल्या अंगावर पेटायला तयार कापूस. अशा ठिकाणी पॅनल जिनिंग हॉलच्या बाहेर, वेगळ्या खोलीत हवं. हॉलमध्ये ठेवणं भागच असेल तर आयपी ५४ (धूळ आणि पाण्याचे शिंतोडे रोखणारं) किंवा वरचं. पण आयपी ५४ चं पॅनल घेऊन केबलसाठी तळाच्या ग्लँड प्लेटला गॅसने भोक पाडलं, की ते आयपी काहीच राहत नाही. प्रत्येक केबलला तिच्याभोवती घट्ट बसणारा, तिच्या मापाचा डबल कॉम्प्रेशन ग्लँड, आणि न वापरलेल्या भोकाला डमी. पाली, उंदीर, मुंग्या याच भोकांतून येतात. दोन फेजच्या मध्ये आडवी झालेली पाल हा विनोदाचा विषय नाही.

साफसफाई कंप्रेसरच्या हवेने करू नका. हवेच्या जोराने धूळ कॉन्टॅक्टरच्या आत, रिलेच्या आत जाते. सप्लाय बंद करून, लॉक लावून, टेस्टरने खात्री करून व्हॅक्यूम क्लीनर आणि कोरडा ब्रश. आणि हे काम जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत. उन्हाळाभर बसलेली धूळ मृगाच्या पहिल्या दमट हवेत ओली होते तेव्हाच ट्रॅकिंग, म्हणजे ती वीज वाहून नेणारी पायवाट, सुरू होतं.

न्यूट्रल आणि कपॅसिटर

साडेतीन कोर केबलमधला ‘अर्धा’ म्हणजे न्यूट्रल. ७० च्या केबलमध्ये तो ३५ चा. जुन्या काळी तिन्ही फेजवर सारखा लोड असला की न्यूट्रलमध्ये जवळजवळ काहीच वाहत नसे, म्हणून अर्ध्यावर भागायचं. आता शेडभर एलईडी, ऑफिसात कॉम्प्युटर, यूपीएस. ही उपकरणं प्रवाह सरळ लाटेत घेत नाहीत, तुकड्यांनी घेतात. त्यातून तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ लाटेच्या तिप्पट वेगाची लाट, येतो आणि तिन्ही फेजचा तिसरा हार्मोनिक न्यूट्रलमध्ये एकमेकांना छेदण्याऐवजी बेरजेने जमा होतो. प्रत्येक फेजमध्ये तो एक तृतीयांश असला तर न्यूट्रलमध्ये जवळपास फेजइतकाच प्रवाह धावतो, अर्ध्या जाडीच्या तारेतून. आणि न्यूट्रलवर सहसा ब्रेकर नसतो. म्हणून टोंग टेस्टर न्यूट्रललाही लावा. लाइटिंग आणि ऑफिसच्या फीडरला पूर्ण न्यूट्रलची चार कोर केबल घ्या. तापून न्यूट्रल तुटला तर सिंगल फेज उपकरणांवर २४० ऐवजी ४०० च्या आसपास व्होल्टेज जाऊ शकतं, मग एकाच वेळी दहा ठिकाणी धूर.

पॉवर फॅक्टर सुधारणारं एपीएफसी पॅनल हे जळणाऱ्या पॅनलांच्या यादीत वरचं नाव. बिल वाचतंय म्हणून ते चालू असतं आणि चालू आहे म्हणून कोणी उघडत नाही. ४१५ व्होल्टवर २५ केव्हीएआरचा कपॅसिटर सुमारे ३५ अँपिअर घेतो. हा प्रवाह सतत पूर्ण असतो, मोटरसारखा कमी-जास्त होत नाही, म्हणून तार, फ्यूज, कॉन्टॅक्टर दीडपट मापाचे घ्यायचे. कॉन्टॅक्टर कपॅसिटर ड्यूटीचा, म्हणजे आधी रेझिस्टरमधून चार्ज करणारा. साधा लावला तर चालू होतानाच्या झटक्याने त्याचे कॉन्टॅक्ट वेल्ड होतात. दर महिन्याला प्रत्येक पायरीचा प्रवाह मोजून वहीत लिहा. ३५ चा २५ झाला तर कपॅसिटर मरतोय. ४५ च्या वर गेला तर हार्मोनिक शोषतोय, आणि हे जास्त धोक्याचं, कारण १.३ पटीच्या पुढे त्याने सतत चालणं अपेक्षितच नाही. व्हीएफडी असलेल्या कारखान्यात ७ टक्क्यांचा डिट्यून रिॲक्टर (कपॅसिटरला हार्मोनिकपासून वाचवणारी कॉइल) लावतात. तो लावल्यावर कपॅसिटरवरचं व्होल्टेज ४१५ चं सुमारे ४४६ होतं, म्हणून तिथे ४४० चा कपॅसिटर चालत नाही, ४८० किंवा ५२५ चा लागतो. इथे पैसे वाचवणाऱ्यांचे कपॅसिटर दोन उन्हाळ्यांत फुगतात. रिॲक्टर खूप तापतो, त्याच्या डोक्यावर कपॅसिटर बसवू नका. उघडण्याआधी सप्लाय बंद करून किमान पाच मिनिटं थांबा, आणि तरी मोजूनच हात लावा.

मोटरबद्दल एकच गोष्ट सांगायची तर ओव्हरलोड रिलेची, म्हणजे जास्त भार आला की मोटर बंद करणाऱ्या रिलेची, सेटिंग. ३० किलोवॅटची मोटर पूर्ण लोडला ५४ अँपिअरच्या आसपास घेते. मोटर आधी कमी व्होल्टेजवर चालू करणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा वाइंडिंगच्या वाटेत असतो, तिथे प्रवाह ०.५८ पट, म्हणजे ३१. नेमप्लेट पाहून रिले ५४ वर लावला की ती मोटर संरक्षणाविना चालली असं समजा.

शोधायचं कसं

थर्मल कॅमेरा हे चांगलं हत्यार आहे, पण रविवारी लोड नसताना चालवून काही सापडत नाही. कमीत कमी ४० टक्के लोड हवा, तोही तासभर चाललेला. चकचकीत तांबं आणि ॲल्युमिनियम कॅमेऱ्याला फसवतात, ते स्वतःची उष्णता कमी आणि समोरच्याचं प्रतिबिंब जास्त दाखवतात. म्हणून लगच्या शेजारच्या काळ्या स्लीव्हवर किंवा इन्सुलेशनवर रोखून वाचा. नुसतं तापमान पाहू नका, तीन फेजची तुलना करा. सारख्या लोडवर एक फेज दुसऱ्यापेक्षा ४ ते १५ अंश गरम असेल तर बिघाडाची दाट शक्यता, दुरुस्तीचा दिवस ठरवा. १५ च्या वर असेल तर ताबडतोब. अर्ध्या लोडवर दिसणारा १० अंशांचा फरक पूर्ण लोडवर ३०–४० होतो हेही लक्षात घ्या.

पाहणी वर्षातून दोनदा. एक मार्च-एप्रिलमध्ये, दुसरी पावसाळ्यानंतर. जिनिंगसारख्या हंगामी कारखान्यात हंगाम सुरू होऊन आठवडा झाल्यावर, कारण सहा महिने बंद पडलेले जोड तेव्हाच खरं बोलतात. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी आणि जुलैत जो ‘ब’ नमुना द्यावा लागतो, तो अग्निशमन यंत्रणा चालू आहे एवढंच सांगतो. तुमच्या मेन पॅनलचा आर फेज किती तापलाय ते त्यात नसतं.

अर्थकडे होणारी गळती पकडायला ३०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावतात. ०.३ अँपिअर गुणिले २४० व्होल्ट, पुन्हा ७२ वॅटच. त्याच्या आत थांबवलं तर गळतीच्या जागी आग धरण्याची शक्यता बरीच कमी होते. माणसाच्या जिवासाठी ३० मिलिअँपिअरचा वेगळा, दोन्हींची कामं वेगळी.

पत्र्यावर सोलर असेल तर डीसी बाजू विसरू नका. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीत ती नाही, लागलेला आर्क जळतच राहतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे, सोलरच्या तारा जोडणारे एमसी-४ कनेक्टर ‘बसतात’ म्हणून एकमेकांत घालू नयेत. मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत त्या तारांत शेकडो व्होल्ट असतात, हे अग्निशमन दलाला गेटवरच सांगा.

धूर दिसलाच तर

धुमसणाऱ्या पॅनलचं दार उघडू नका. आत ताजी हवा शिरून भडका उडतो, आणि आर्क झाला तर तोंडावर येतो. आधी वरच्या बाजूचा सप्लाय बंद करा, ट्रान्सफॉर्मरच्या एचटी (उच्च दाबाच्या) ब्रेकरपासून, आणि डीजी (डिझेल जनरेटर) आपोआप चालू होत असेल तर तो मॅन्युअलवर. म्हणूनच ब्रेकरकडे जाणारा रस्ता पॅनलच्या समोरून जाता कामा नये. विजेच्या आगीला सीओटू सिलिंडर. ४.५ किलोचा सिलिंडर काही सेकंदांतच संपतो आणि मारा एक-दोन मीटरच पोचतो, म्हणून दोन ठेवा, पॅनल रूमच्या दाराबाहेर. कोंदट खोलीत सीओटू सोडल्यावर लगेच बाहेर पडा, त्या गॅसने माणूस गुदमरतो. पावडरचा सिलिंडरही चालतो, पण नंतर ती पावडर ओल धरून सगळी इलेक्ट्रॉनिक्स खाते. पाणी चालू सप्लायवर अजिबात नाही. पहिल्या सिलिंडरने आग आटोक्यात आली नाही तर माणसं बाहेर, १०१ ला फोन, आणि सप्लाय बंद केल्याचं सांगणारा एक माणूस गेटवर उभा.